नाव घातलेली घंटा

माझं संपूर्ण नाव, हुद्दा, गाव आणि मोबाईल नंबर एका पितळी घंटेवर कोरलेला आहे, आणि ती घंटा चोरीची निघाली. आमच्या वकीलबाईंचं म्हणणं असं, की मी पहिल्या भेटीत एवढंच सांगितलं असतं तर त्यांचे दोन तास वाचले असते. पण मी सुरुवात सौ.च्या गुडघ्यापासून केली होती, आणि आत्ताही तिथूनच करणार आहे, कारण माझ्या मते या गुन्ह्याचं मूळ तिथं आहे.

आमच्या सौ.चं नाव क्रांती. तिचा उजवा गुडघा कराडला बदलून घेतला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी उंब्रजमधल्या आमच्या नाथाच्या देवळात जाऊन नवस बोलून बसलो, की ही धड चालायला लागली तर तुला घंटा बांधीन. नारळावर भागलं असतं असं क्रांती आजही म्हणते. पण नारळावर नाव घालता येत नाही. आपल्याकडे पंखा दिला तर पात्यावर नाव, बाकडं दिलं तर पाठीवर नाव, आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं तर काट्यांच्या मागं इतकं मोठं नाव की वेळ दिसत नाही. दीड महिन्यात ती देवळाच्या पायऱ्या माझ्या आधी चढून गेली आणि वरून मला विचारलं, "घंटेचं काय झालं?"

आता घंटा घ्यायची तर आमच्या शेजारीच जवाहरशेठ उपाध्यांचं भांड्यांचं दुकान आहे. सज्जन माणूस. मूळचे सांगलीकडचे, सूर्यास्ताच्या आत जेवून दुकानाच्या पायरीवर बसणारे. पण मी बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, आणि पूर्वी एकदा त्यांच्या दुकानातलं दोन किलोचं वजन मी शिक्का नसल्यामुळे जप्त केलं होतं. त्यानंतर ते माझ्याशी जास्तच गोड बोलायला लागले, आणि ज्याला आपण दंड केला त्याच्याकडून सवलतीत वस्तू घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सवलत न घेता घेणं क्रांतीच्या तत्त्वात बसत नाही.

अशा पेचात दारावर मोडवाला आला. जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घेणारा, टेम्पोवाला. त्याच्या ढिगात मला ती दिसली. चांगली टपोरी घंटा, अंगावर एक अक्षर नाही, नुसती कोरी. काठाला नखाएवढा टवका उडालेला होता, तेवढाच दोष. मी घरातला काटा बाहेर आणला आणि वजन केलं. अकरा किलो दोनशे चाळीस ग्रॅम. खात्री म्हणून पुन्हा केलं. सवय म्हणून तिसऱ्यांदा केलं. तीनदा वजन केलं, पण ही आली कुठून हे एकदाही विचारलं नाही. "पावती कुठं आहे?" या प्रश्नावर ज्याने अख्ख्या सातारा-सांगलीतल्या दुकानदारांची झोप उडवली, त्या माणसाने पावती मागितली नाही. दुपारचं ऊन फार होतं, एवढंच कारण मी नंतर देऊ शकलो, आणि ते हवालदारांनी जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं.

नाव घालायला मात्र जवाहरशेठांकडेच जावं लागलं, कारण नाव घालायचं यंत्र गावात त्यांच्याकडेच.

"साहेब, घंटा झकास आहे," ते म्हणाले. "बिल घेतलंय न्हवं?"

मला ते लागलं. हा माणूस मला बिलाचं विचारतो! "तुम्ही नाव घाला," मी म्हणालो.

मजकूर मी चार दिवस खपून तयार केला होता. 'श्री. नाथाजी बळवंत साळुंखे, निवृत्त निरीक्षक, वैधमापनशास्त्र, मु. पो. उंब्रज, यांजकडून सौ. क्रांती यांच्या उजव्या गुडघ्याच्या यशस्वी शस्त्रक्रियेप्रीत्यर्थ श्रीनाथचरणी सप्रेम अर्पण.' एवढं घालूनही खाली काठाजवळ रिकामी जागा उरली. ती वाईट दिसत होती. जवाहरशेठ म्हणाले, "मोबाईल नंबर टाकू का?" मी म्हणालो, टाका.

घंटा बांधली. मी हार घालून घंटा वाजवतोय असा व्हिडिओ पुतण्याने काढला, आणि मी तो निवृत्त कर्मचाऱ्यांच्या, भावकीच्या, सौ.च्या माहेरच्या, अशा सात ग्रुपांवर टाकला. दोन महिने मी रोज देवळात जायचो. घंटा वाजली की शेजारी उभा असलेल्या माणसाला विचारायचो, "नाव वाचलंत का?" माणसाला आयुष्यात असे दिवस थोडे मिळतात.

मग एके सकाळी दारात हवालदार उभे राहिले. अर्जुना खिलारे असं छातीवर नाव होतं. ते आटपाडीकडून आले होते. घरी आहात का, एवढंच विचारायला त्यांनी आधी मला फोन केला होता. नंबर घंटेवरूनच घेतला, हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं.

"साहेब, एकवीस वर्षं नोकरी झाली," ते चहा घेताना म्हणाले. "चोरीचा माल जमिनीत पुरलेला बघितला, हिरीत टाकलेला बघितला. पर मालावर आरोपीचा पत्ता आन् नंबर घातलेला ह्यो पयलाच."

आरोपी! मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. मग हळूहळू उलगडा झाला. आटपाडीच्या पुढं माळावर कारंडेवस्ती म्हणून चाळीस उंबऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या देवळातली घंटा गेल्या साली चोरीला गेली होती. चोर दुसऱ्याच चोरीत सापडला, त्याने हीही कबूल केली आणि मोडवाल्याचं नाव घेतलं. मोडवाला फरार झाला. माझा व्हिडिओ मात्र सौ.च्या माहेरच्या ग्रुपावरून कुणाकुणाच्या सासरी फिरत थेट त्या वस्तीवर पोचला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने तो ऐकला आणि सांगितलं, ही आमची. बघितला नाही, ऐकला. तिला मोबाईलवरचं दिसत नाही.

पंचनामा देवळातच झाला. 'एक पितळी घंटा, वजन अंदाजे दहा किलो,' असं हवालदार लिहायला लागले.

"अंदाजे?" मी म्हणालो. बत्तीस वर्षांची नोकरी माझ्या तोंडून बोलली. "अकरा किलो दोनशे चाळीस ग्रॅम लिहा."

त्यांनी लिहिलं. शिवाय पुढं असंही लिहिलं, की आरोपीने मुद्देमालाचे अचूक वजन स्वतःहून सांगितले. हे वाक्य पुढं दोषारोपपत्रात तिसऱ्या पानावर छापून आलं आणि वकीलबाईंनी ते वाचून बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

वकीलबाई म्हणजे ॲडव्होकेट प्रांजल देशमाने. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण बोलायला लागल्या की मी आपोआप सरळ बसायचो. त्यांनी मला कायदा समजावून सांगितला. चोरीचा माल जवळ सापडणं हा नुसता गुन्हा नाही. तो चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं, किंवा माहीत असायला सबळ कारण होतं, हे सिद्ध व्हावं लागतं. नव्या कायद्यात कलम तीनशे सतरा. कोर्टाच्या आवारात मात्र सगळे अजून चारशे अकराच म्हणतात, त्यामुळे मला पहिले काही दिवस आपल्यावर दोन खटले आहेत असं वाटत होतं.

"तुमच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला घंटा चोरीची आहे हे माहीत असतं, तो माणूस तिच्यावर स्वतःचा मोबाईल नंबर घालत नाही."

"अर्थात," मी म्हणालो.

"आणि विरुद्ध बाजूने एक. सरकार म्हणेल, ओळख पुसायची म्हणूनच नाव घातलं. शिवाय अख्खी नोकरी पावत्या तपासण्यात गेलेल्या माणसाने पावती घेतली नाही, म्हणजे त्याला संशय आलाच होता."

म्हणजे माझी नोकरीच माझ्या विरुद्ध साक्षीला उभी राहणार होती. आणि तिच्या जोडीला जवाहरशेठ. कारण "बिल घेतलंय न्हवं?" हे त्यांनी विचारल्याचं त्यांच्या जबाबात होतं. ते सरकारी साक्षीदार क्रमांक चार झाले.

जामीन द्यायची वेळ आली तेव्हा जामीनदार कोण, हा प्रश्न निघाला. शेजारी साक्षीदार. भावकीतले लोक अचानक ऊसतोडीत गुंतले. शेवटी माहेरकडून मिळालेली वीस गुंठे बागायत ज्या एका व्यक्तीच्या नावावर होती, तिचा सातबारा लावला. क्रांती माझी जामीनदार झाली. त्या दिवसापासून घरात एक नवीनच भाषा सुरू झाली. मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, "जामीन काढून घेऊ का?"

मग तारखा सुरू झाल्या. उंब्रजहून कराड, कराडहून विटा, विट्याहून पुढं, असा एसटीचा प्रवास. कोर्टात दिवसभर व्हरांड्यात बसायचं, पुकारा झाला की "हजर" म्हणायचं, आणि पुढची तारीख घेऊन परत. दुसऱ्या तारखेला मला आरोपी क्रमांक एक भेटला, म्हणजे ज्याने घंटा खरोखर चोरली तो. दोन म्हणजे फरार मोडवाला, आणि तीन मी. चहाच्या टपरीवर त्याने माझे पैसे देऊ केले. मी अर्थातच नकार दिला. त्याने गुन्हा कबूल केला होता, जेवढे दिवस आत होता तेवढीच शिक्षा त्याला झाली होती, आणि तो मोकळा होता. दुसऱ्या एका केससाठी आला होता.

"काका, कबूल व्हा की," तो आपुलकीने म्हणाला. "दंड भरायचा, कोर्ट उठंस्तवर आत बसायचं, संध्याकाळच्या गाडीला घरला. कशाला हेलपाटं घालताय?"

मी त्याला सांगितलं, की मी गुन्हा केलेलाच नाही. तो विचारात पडला. "मग तुमाला लय तरास हाय," तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

गंमत म्हणजे हाच सल्ला मला सगळ्यांनी दिला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपावर तर मतदान झालं. जवाहरशेठ रोज संध्याकाळी पायरीवरून हाक मारायचे. "साहेब, मी खोटं बोलणार न्हाई, आमच्यात ते चालत न्हाई. पण तुमीच कबूल झाला तर मला साक्षीला यायला लागणार न्हाई. दुकान बंद ठेवावं लागतंय हो." मी त्यांना दंड केला त्या दिवशीही ते असंच, अगदी याच सुरात बोलले होते. तेव्हा मी म्हणालो होतो, "चूक केली नसेल तर भांडा, केली असेल तर भरा." ते भरून मोकळे झाले होते. आता रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटायचं, ते म्हणाले होते तसा त्या वजनाचा शिक्का खरंच झिजून गेला असेल तर? मी ते नीट बघितलं होतं का?

तरी मी कबूल होणार नव्हतो. मला निकाल हवा होता. चांगला पाच-सहा पानी, सहीशिक्क्याचा, 'आरोपी क्रमांक तीन यास निर्दोष मुक्त करण्यात येत आहे' असं लिहिलेला. त्याचीही मी फ्रेम करणार होतो. खिळ्याची जागासुद्धा बघून ठेवली होती.

मधेच कारंडेवस्तीच्या देवस्थानने अर्ज केला, की आमची घंटा आम्हाला परत मिळावी, यात्रा जवळ आली आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आपण हरकत घ्यायची."

"का? त्यांची असेल तर त्यांना जाऊ दे की."

"त्यांची आहे हे तुम्हीच मान्य केलंत, तर ती चोरीची आहे हेही मान्य केलंत. सरकारचं अर्धं काम तुम्ही केलं. आणि त्यांच्याकडे पुरावा काय आहे? ना पावती, ना फोटो, ना घंटेवर नाव. नाव आहे ते तुमचं."

हे ऐकून मला, सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. 'आरोपीची सक्त हरकत आहे' या वाक्याखाली मी ठसठशीत सही केली.

त्या अर्जाच्या सुनावणीला मी लवकर पोचलो. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. मी बसल्यावर तिने फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी शेंगदाण्याच्या चटणीसकट माझ्यापुढे धरली.

"घ्या. हितं पुकारा कवा हुईल नेम न्हाई. तुमी कशापायी आलाय?"

"घंटेच्या... म्हणजे, एका केससाठी," मी म्हणालो.

"मी बी घंटंपायीच आलीय," ती म्हणाली. "माज्या जयराजनं दिल्याली. लेक माजा. फौजंत नाईक हुता. सुट्टीवर येताना मुरादाबादेस्नं आणली. एवढा भार खांद्यावर घिऊन आला, आन् म्हसवडाच्या ष्ट्यांडावर गाडीतनं उतरताना हातातनं सुटली. काठाचा टवका उडाला. लय हळहळला. म्हनला, आये, देवाला फुटकी कशी द्यायची? मी म्हनलं, दे की रं, देव काय हात फिरवून बघतोय व्हय?"

"नाव नाही घातलं?" मी विचारलं. भाकरी माझ्या हातात तशीच होती.

"पुजारी म्हनला, नाव घाल. ह्यो म्हनला, कशाला? देवाला ठावं हाय की." तिने मांडीवरचं फडकं सारखं केलं. "त्या सुट्टीवरनं गेला त्यो परत आला न्हाई. फौजेनंच आणला."

ती सांगत राहिली, मला सांगत होती असंही नाही.

"तवापास्नं ती घंटा वाजली की शेवटाला 'हूं' करती. टवका उडालाय न्हवं, त्याचं आसंल. हाक मारल्याव माणूस आतनं 'हूं' म्हनतंय का न्हाई, तशी. रोज सकाळी जायाची, येकदा वाजवायाची. 'हूं' आलं की घरला यायाची. आता वरीस झालं. नुसता खांब हाय तिथं."

"आणि हरकत घेणारा कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?" हे मी का विचारलं, मला अजून कळत नाही.

"कोन का आसंना," ती म्हणाली. "त्यानं बी नवसाचीच घेतली म्हनं. बायकूच्या गुडघ्याची. बरा हाय का तिचा गुडघा, कुणाला ठावं."

तेवढ्यात पुकारा झाला. अर्जदार शालूबाई कारंडे आणि हरिबा कारंडे, देवस्थानचे अध्यक्ष. आरोपी क्रमांक तीन नाथाजी बळवंत साळुंखे. मी उठलो. शालूबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या भाकरीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "खाऊन तरी घ्या." मी ती भाकरी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि आत गेलो. आयुष्यात माझी मान कधी इतकी खाली गेली नव्हती.

घंटा टेबलावर आणून ठेवली होती. तिच्या कडीला मुद्देमालाची चिठ्ठी बांधली होती, आणि खोलीत कुणाचा धक्का लागून वाजू नये म्हणून आतल्या लोलकाला फडकं गुंडाळलं होतं. माझं नाव अगदी समोर आलं होतं. न्यायाधीश मॅडमनी ते पहिल्या अक्षरापासून मोबाईल नंबरापर्यंत वाचलं. गुडघ्यापाशी त्या किंचित थांबल्यासारख्या वाटल्या.

वकीलबाईंनी हरकत मांडली. उत्तम मांडली. पावती नाही, नोंद नाही, खूण नाही, अशी घंटा कोणत्याही दुकानात मिळेल. काठाचा टवका तर कुठल्याही घंटेचा उडू शकतो. मॅडमनी शालूबाईंना विचारलं, "आजी, ही तुमचीच घंटा कशावरून?"

"वाजवून बघा," शालूबाई म्हणाल्या.

कोर्टात थोडी कुजबुज झाली. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि शिपायाला खूण केली. हवालदार खिलारे पुढं आले, त्यांनी लोलकाचं फडकं सोडलं. त्यांनी आणि शिपायाने काठी घालून घंटा उचलली आणि खिलाऱ्यांनी मोकळ्या हाताने एक टोला दिला.

तो आवाज कोर्टभर फिरला, दारातून व्हरांड्यात गेला. बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी आपोआप हात जोडले. आतल्या दोन वकिलांनीही जोडले आणि मग घाईने खाली घेतले. आवाज बारीक होत गेला, आणि आता संपला असं वाटत असतानाच अगदी शेवटी, खालच्या सुरात, तो आला. हूं.

दोन महिने मी ती घंटा रोज वाजवली होती. हा शेवटचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. ऐकणार कसा? त्या वेळी मी शेजारच्याला नाव वाचलंत का म्हणून विचारत असायचो.

शालूबाईंनी डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. त्यांनी फक्त मान हलवली, घरचं माणूस आल्यावर हलवतात तशी.

"माझी हरकत नाही," मी म्हणालो.

वकीलबाईंनी माझा कोट ओढला. मी उभाच राहिलो.

"मॅडम, घंटा त्यांचीच आहे. मी घेतली तेव्हा मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नाही. आज माहीत आहे. त्यांना देऊन टाका."

"याचा तुमच्या खटल्यावर परिणाम होऊ शकतो, हे वकिलांनी समजावलंय ना?" मॅडमनी विचारलं.

"दोनदा," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी हरकतीचा कागद दुमडून फाईलमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "साळुंखेकाका, आता निर्दोष सुटलो असं म्हणायला पुढची काही वर्षं ठेवा बाजूला." मी हो म्हणालो. पाच पानी निकाल, फ्रेम, खिळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एसटीत बसल्यावर खिशातली भाकरी काढून खाल्ली. विटा येईपर्यंत पुरली.

घंटा हमीपत्रावर कारंडेवस्तीला गेली. यात्रेच्या आधी चार दिवस हरिबा कारंड्यांचा फोन आला. नंबर अर्थातच घंटेवरून घेतला होता.

"आवं साळुंखेसाहेब, शालूआक्का म्हनत्यात, त्या माणसाला कोर्टात कशाला फिरवायचा? आमी मिटवून घेतो. तुमच्या वकीलबाईनं सांगिटलंय, मालकानं मिटवलं तर ह्या कलमात चालतंय. लोकअदालतीला या."

लोकअदालतीत दहा मिनिटं लागली. हरिबांनी शालूबाईंच्या अंगठ्याशेजारी सही केली, मी केली, आणि कागदावर तीन ओळी आल्या. 'उभय पक्षांत तडजोड झाली. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' त्याचा अर्थ कायद्याने निर्दोष असाच होतो, असं वकीलबाईंनी मला चारदा सांगितलं. पण कागदावर तो शब्द नव्हता. मी पुन्हा पुन्हा शोधला. घरी आल्यावर क्रांतीने सातबारा माझ्या हातातून घेतला, कपाटात ठेवला आणि म्हणाली, "सुटलास बाबा." एवढाच काय तो माझा निकाल.

यात्रेला आम्ही दोघंही गेलो. क्रांती देवळाची चढण माझ्या आधी चढली, आणि शालूबाईंनी तिचा गुडघा दाबून बघून तो बरा असल्याची खात्री करून घेतली. मी एका ओताऱ्याला बरोबर नेलं होतं, माझं नाव घासून काढायला. त्या देवळात ते नाव बघून मला घाम फुटत होता. त्याने घंटेवरून बोट फिरवलं, नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "अक्षरं खोल हायती. एवढी घासली तर पितळ पातळ हुईल. आवाज बदलंल."

"मग हात लावू नगा," शालूबाई म्हणाल्या. "नाव ऱ्हाऊ द्या. नाव कुठं वाजतंय?"

त्यामुळे माझं नाव, हुद्दा, सौ.चा गुडघा आणि मोबाईल नंबर आज कारंडेवस्तीच्या देवळात लटकतोय. ज्याने दिली त्याचं एक अक्षर तिच्यावर नाही. परत येताना मी सगळा रस्ता याच एका गोष्टीवर विचार करत होतो, आणि काही उपाय सुचला नाही.

उपाय फोननेच काढला. देवळात येणारे लोक वर बघतात, नंबर वाचतात आणि लावतात. कुणाला तशी घंटा हवी असते, कुणाला नुसती उत्सुकता असते. पहिल्यांदा मी चिडायचो. आता जेवत असलो तरी उठून घेतो. परवा आटपाडीकडच्या कुणीतरी फोन केला. मागं देवळातला गलबला ऐकू येत होता.

"घंटा लय झ्याक हाय ओ साहेब. तुमीच दिली का?"

"नाही," मी म्हणालो. "ती नाईक जयराज कारंडे यांनी दिली. फौजेत होते. मुरादाबादहून खांद्यावर आणली. काठाला टवका आहे, तो म्हसवडच्या स्टँडवर उडाला. वाजवा आणि शेवटपर्यंत ऐका, मधे बोलू नका."

पलीकडे घंटा वाजली. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "व्हय, आली. पर मग हे नाव घातलंय ते नाथाजी साळुंखे कोन?"

"ते होय," मी म्हणालो. "ते आरोपी क्रमांक तीन."